शेवटचा सामना बाविसाव्या वर्षी: कॉलेजच्या खेळाडूंची पुढची तयारी नेमकी कुठे अडते

अमेरिकेत एनसीएए या संघटनेच्या नियमांखाली पाच लाखांहून जास्त मुलंमुली आपापल्या कॉलेजकडून खेळतात. फुटबॉल (तिकडचा, हातात चेंडू घेऊन धावायचा), बास्केटबॉल, पोहणं, कुस्ती, टेनिस, सॉफ्टबॉल, नौकानयन, लांब पल्ल्याची शर्यत. यातल्या बहुतेकांच्या खेळाचा शेवट पहिल्याच दिवशी ठरलेला असतो. वर्षानुवर्षं नियम असा राहिला आहे की पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळायचे. ते संपले की कॉलेजची जर्सी उतरते. तेव्हा वय असतं साधारण बावीस, आणि त्यातली चौदा-पंधरा वर्षं खेळण्यात गेलेली असतात.

व्यावसायिक खेळात जाणारे किती? फुटबॉलमध्ये दरवर्षी साधारण १६,००० खेळाडू एनएफएल या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टसाठी, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीसाठी, पात्र ठरतात आणि त्यातून अडीचशेच्या आसपास निवडले जातात. म्हणजे शंभरात जेमतेम दीड. बास्केटबॉलमध्ये पुरुषांत शंभरातला एखादा आणि महिलांत त्याहूनही कमी. बेसबॉलची स्थिती जरा बरी आहे, कारण तिथे खालच्या दर्जाच्या लीगची मोठी साखळी आहे. पण गोळाफेक करणाऱ्या मुलीला किंवा कुस्तीगिराला पगार देणारी लीगच जवळपास नाही. आणि जे एनएफएलपर्यंत पोचतात त्यांचीही कारकीर्द खेळाडू संघटनेच्या आकड्यांनुसार सरासरी ३.३ वर्षांची. तिशीच्या आत त्यांच्याही पुढे तोच प्रश्न येतो.

हे आकडे गुपित नाहीत. एनसीएए ते स्वतः प्रसिद्ध करते, प्रशिक्षक सांगतात, आईवडिलांनाही ठाऊक असतात. तरीही खेळ संपल्यावर मुलं गोंधळलेली दिसतात. त्यावर सर्रास सुचवला जाणारा उपाय म्हणजे शेवटच्या वर्षी एक कार्यशाळा, रेझ्युमे कसा लिहावा यावर तासभर भाषण, आणि सूट घालून काढलेला फोटो. हा उपाय चुकीच्या दुखण्यावर आहे असं मला ठामपणे वाटतं. या मुलांना माहिती कमी पडत नाही. त्यांना वेळ मिळत नाही, काही नियम वाटेत आडवे येतात, आणि आपण खेळाडूखेरीज आणखी कुणी असू शकतो हे त्यांना कुणी चाचपडून पाहू देत नाही. मदत करायची तर ती या तीन जागी करावी लागेल, आणि ती पहिल्या वर्षापासूनच.

वेळ जातो कुठे

१९९१ पासून एनसीएएचा नियम आहे की हंगाम चालू असताना खेळासाठी आठवड्याला २० तासांहून जास्त वेळ घ्यायचा नाही, दिवसाला चार तासांहून जास्त नाही, आणि एक दिवस पूर्ण सुट्टी. ऐकायला हे पुरेसं वाटतं. पण २० तासांत काय मोजतात आणि काय नाही, ते पाहिलं की चित्र बदलतं. सामन्याचा दिवस तीन तासांचा धरतात, प्रत्यक्षात तो सकाळपासून रात्रीपर्यंत चालला तरी. प्रवास मोजत नाहीत. दुखऱ्या गुडघ्यावर बर्फ आणि फिजिओथेरपी घेण्यात गेलेला वेळ मोजत नाहीत. ‘ऐच्छिक’ व्यायाम मोजत नाहीत. आणि संघातली जागा टिकवायची असलेल्या मुलाला तो व्यायाम किती ऐच्छिक वाटत असेल याचा अंदाज कुणीही करू शकतो. एनसीएएच्याच २०१५ च्या सर्वेक्षणात सर्वांत वरच्या म्हणजे डिव्हिजन १ च्या खेळाडूंनी खेळावर आठवड्याला सुमारे ३४ तास जात असल्याचं सांगितलं. मोठ्या फुटबॉल संघांमध्ये हा आकडा चाळिशीच्या वर होता. त्यावर वर्ग आणि अभ्यास.

म्हणजे ही मुलं आधीच पूर्ण वेळ नोकरी करून शिकत असतात. फक्त त्या नोकरीचा अनुभव दाखला म्हणून कुठे लिहिता येत नाही.

या वेळापत्रकाचा खरा फटका बसतो तो तासांच्या संख्येपेक्षा त्या तासांच्या जागेमुळे. प्रयोगशाळेचे तास बहुधा दुपारी असतात, सरावही दुपारीच. नर्सिंगला रुग्णालयात ठरावीक तास भरावे लागतात, शिक्षक व्हायचं तर एक अख्खं सत्र शाळेत शिकवावं लागतं. ते तास पुढे ढकलता येत नाहीत आणि सामनेही ढकलता येत नाहीत. नोकरीसाठी कंपन्या कॉलेजात येतात त्या मुख्यतः सप्टेंबर-ऑक्टोबरात, म्हणजे फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि सॉकरचा हंगाम ऐन भरात असताना. गुंतवणूक बँकांसारख्या क्षेत्रांत तर उन्हाळी इंटर्नशिपची भरती वर्षभर आधीच उरकते. आणि उन्हाळा? इतर विद्यार्थी जेव्हा कुठल्याशा कार्यालयात दहा-बारा आठवडे काम करून पाहतात, तेव्हा खेळाडू कॉलेजच्या जिममध्ये असतो. पदवीच्या दिवशी त्याच्या वर्गमित्राकडे दोन इंटर्नशिपचा अनुभव असतो, त्याच्याकडे शून्य. दोघांच्या हुशारीत काही फरक नसतो.

त्यामुळे या विषयात सर्वांत जास्त अधिकार असलेला माणूस करिअर सल्लागार नसतो, मुख्य प्रशिक्षक असतो. वेळ त्याच्या हातात आहे. प्रशिक्षकाने वर्षातले तीन आठवडे मोकळे ठेवले आणि ‘या काळात कुणी सरावाला आलेलं मला दिसता कामा नये’ असं खरोखर सांगितलं, तर जे होईल ते दहा कार्यशाळांनी होणार नाही. छोट्या गोष्टीही उपयोगी पडतात. करिअर केंद्र सकाळी नऊ ते पाच उघडं असतं आणि क्रीडा संकुलापासून दूर असतं. त्याच सल्लागाराला आठवड्यातून एक संध्याकाळ खेळाडूंच्या जेवणाच्या हॉलबाहेर बसवलं, तर मुलं आपणहून थांबून बोलतात.

पदवी मिळते, पण कशातली

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. ‘खेळाडू शिकत नाहीत’ हे आकड्यांत दिसत नाही. एनसीएएच्या मोजणीनुसार डिव्हिजन १ मधले सुमारे ९० टक्के खेळाडू पदवी पूर्ण करतात. या मोजणीत चांगल्या गुणांनिशी दुसऱ्या कॉलेजात गेलेल्यांना वगळतात, त्यामुळे सरकारी पद्धतीने काढलेला आकडा कमी येतो. तरी एकंदर चित्र वाईट नाही. प्रश्न पुढचा आहे: विषय कुणी निवडला, आणि का?

२००३ मध्ये ४०-६०-८० म्हणून ओळखला जाणारा नियम आला. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण हवा, तिसऱ्याच्या शेवटी ६०, चौथ्याच्या शेवटी ८०. नाहीतर खेळता येणार नाही. हेतू चांगला होता, कॉलेजांनी मुलांना नुसतं खेळवून सोडून देऊ नये हा. पण वाईट परिणामही झाला. समजा एका धावपटूला तिसऱ्या वर्षी उमगलं की आपल्याला संगणकशास्त्र आवडतं. विषय बदलला तर आधी मिळवलेल्या श्रेयांकांपैकी बरेच नव्या पदवीत मोजले जात नाहीत, टक्केवारी घसरते आणि खेळणं बंद होतं. मग तो बदलत नाही. इतर विद्यार्थ्यांना विषय बदलण्याची जी मुभा असते ती याला नसते, आणि त्या वयात ती मुभा फार मोलाची असते. याच कारणाने, आणि सरावाच्या वेळा सांभाळण्यासाठी, एकाच संघातली अनेक मुलं एकाच विषयात गर्दी करताना दिसतात.

ही ओढ किती टोकाला जाऊ शकते ते नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल इथल्या प्रकरणात दिसलं. ऑक्टोबर २०१४ मध्ये केनेथ वेनस्टाइन यांच्या चौकशी अहवालाने उघड केलं की तिथे सुमारे १८ वर्षं असे वर्ग चालले, ज्यांत प्राध्यापक भेटत नव्हते, तास होत नव्हते, फक्त एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. ३,१०० विद्यार्थ्यांनी हे वर्ग घेतले आणि त्या प्रवेशांपैकी जवळपास निम्मे खेळाडूंचे होते. त्या मुलांनी खेळण्याची पात्रता टिकवली. त्यांच्या हाती शिक्षण म्हणून काय आलं, याचा विचार केला की मला आजही राग येतो.

क्रीडा विभागातल्या शैक्षणिक सल्लागाराची एक अडचण इथे समजून घ्यावी. तो बहुधा चांगला माणूस असतो. पण त्याच्या कामाचं मोजमाप ‘किती मुलं खेळायला पात्र राहिली’ यावर होतं. ‘या मुलीला पाच वर्षांनी काय करायचं आहे’ हा प्रश्न त्याच्या कामात बसतच नाही. म्हणून खेळाडूला दुसरा एक माणूस हवा, ज्याचा पात्रतेशी काहीही संबंध नाही. तो विषयाचा प्राध्यापक असेल, करिअर केंद्रातला कुणी असेल किंवा माजी खेळाडू. आणि ही गाठ पहिल्या वर्षी पडायला हवी, कारण विषयाची निवड दुसऱ्या वर्षापर्यंत पक्की होऊन जाते.

परदेशातून आलेल्या खेळाडूंना यात आणखी एक पेच असतो. कॉलेज टेनिसमध्ये अशांची संख्या मोठी आहे. एफ-१ व्हिसावर असलेल्या विद्यार्थ्याला हवं तिथे काम करता येत नाही. शिकताना इंटर्नशिप करायची तर ती सहसा मुख्य विषयाशी निगडित असावी लागते. पदवीनंतर १२ महिने काम करण्याची परवानगी मिळू शकते, तीही विषयाशी संबंधित कामासाठीच. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विषयांना त्यावर २४ महिने वाढ मिळू शकते. या परवानगीचा अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो आणि संपल्यावर ६० दिवसांच्या आत करावा लागतो. मार्च ते मे हा नेमका टेनिसच्या मोठ्या स्पर्धांचा काळ. संघासोबत फिरताना ही तारीख हुकली तर ती परत मिळत नाही. सराव सांभाळून जमेल असा विषय निवडताना आपण व्हिसाचाही निर्णय घेतो आहोत, हे त्या मुलांना पहिल्याच वर्षी कुणीतरी समजावून सांगितलं पाहिजे.

‘मी खेळाडू आहे’ यापलीकडे

१९९३ मध्ये ब्रिटन ब्रुअर, ज्युडी व्हॅन राल्टे आणि डार्विन लिंडर या संशोधकांनी एक मोजपट्टी तयार केली. माणूस स्वतःला किती प्रमाणात ‘खेळाडू’ म्हणून ओळखतो, हे ती मोजते. आयुष्यात सर्वांत महत्त्वाचा खेळच आहे का, बहुतेक मित्र खेळातलेच आहेत का, अशा धर्तीच्या विधानांशी किती सहमत आहात हे सांगायचं. त्यानंतरच्या अनेक अभ्यासांमधून एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली: ही ओळख जितकी एकमेव, तितका खेळ संपल्यानंतरचा काळ अवघड. आणि शेवट आपल्या हाताने झाला नसेल, म्हणजे दुखापतीने किंवा संघातून वगळल्याने झाला असेल, तर आणखी अवघड.

यात ओळख घट्ट असणं वाईट नाही. पहाटे पाचला थंड पाण्यात उडी मारायला तीच लावते. त्रास होतो तो तिच्याशेजारी दुसरं काहीच नसण्याचा. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये तरुणांच्या ओळखीचे जे प्रकार मांडले, त्यात एक असा आहे की माणूस इतर काहीही आजमावून न पाहता एका गोष्टीशी स्वतःला बांधून घेतो. आठव्या वर्षापासून ज्याचं कौतुक फक्त खेळासाठी झालं, ज्याच्या सुट्ट्या, मैत्री, जेवण आणि झोप खेळाने ठरवली, त्याचं असं होणं अगदी स्वाभाविक आहे. त्याला ‘तुला दुसरं काय आवडतं?’ असं एकदम विचारलं तर उत्तर येत नाही, आणि उत्तर न येण्याची लाज मात्र वाटते. म्हणून हा प्रश्न तसा विचारूच नये. त्यापेक्षा जवळ जाऊन विचारावं: खेळातला कोणता भाग तू कुणी न सांगताही केला असतास? कुणी म्हणतं, प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ पाहणं. कुणी म्हणतं, नव्या मुलांना शिकवणं. कुणी म्हणतं, दुखापतीनंतर शरीर कसं सुधारतं हे समजून घेणं. या प्रत्येक उत्तरातून कामाच्या एकेका जगाकडे वाट निघते.

पण इथे एक मोठा अडसर आहे, तो म्हणजे दुसरीकडे लक्ष देणं ही बेइमानी मानली जाते. मायरन रोल हे त्याचं सर्वांत बोलकं उदाहरण. फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाचा हा बचावफळीतला फुटबॉलपटू. २२ नोव्हेंबर २००८ रोजी अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात त्याची ऑक्सफर्डमध्ये शिकण्यासाठीच्या ऱ्होड्स शिष्यवृत्तीची अंतिम मुलाखत होती आणि त्याच संध्याकाळी मेरीलँडमध्ये संघाचा सामना. मुलाखत दिली, निवड झाल्याचं कळलं, मग खास विमानाने तो मेरीलँडला गेला आणि चालू सामन्यात जाऊन खेळला. पुढचा हंगाम सोडून तो ऑक्सफर्डला शिकायला गेला. २०१० च्या ड्राफ्टच्या आधी काही संघांनी त्याच्या खेळावरच्या निष्ठेबद्दल प्रश्न केल्याचं तेव्हा बरंच छापून आलं. त्याची निवड सहाव्या फेरीत झाली, आणि एनएफएलच्या मुख्य हंगामातला एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही. नंतर त्याने वैद्यकीय शिक्षण घेतलं, २०१७ मध्ये डॉक्टर झाला आणि बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयात मेंदूच्या शस्त्रक्रियांचं प्रशिक्षण घेऊ लागला.

रोलची हुशारी असामान्य होती, पण त्याला झालेला विरोध अगदी सामान्य आहे. ज्या मुलीने इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी एक सराव चुकवण्याची परवानगी मागितली आणि प्रशिक्षकाचा चेहरा पाहून पुन्हा कधी मागितली नाही, तिची बातमी होत नाही. तिच्यासारख्या हजारो आहेत.

दुसरं काही शिकल्याने खेळ बिघडतो, या समजुतीला आधार काय? उलट दिशेचा पुरावा मिळतो. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड लावाली यांनी ऑस्ट्रेलियातल्या नॅशनल रग्बी लीगच्या खेळाडूंचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध केला. जे खेळाडू पुढच्या आयुष्याच्या नियोजनात जास्त गुंतलेले होते, त्यांची संघात निवड जास्त झाली आणि त्यांची कारकीर्दही जास्त टिकली, असं त्यात दिसलं. नियोजनामुळेच खेळ सुधारला असं यावरून ठामपणे म्हणता येत नाही. शिस्तीची माणसं दोन्ही गोष्टी नीट करत असतील. पण नियोजनाने खेळ बुडतो असं मात्र या अभ्यासात कुठेच दिसत नाही. मुलाखतीला जाऊ न देणाऱ्या प्रशिक्षकापुढे हा अभ्यास जरूर ठेवावा. मिनेसोटा व्हायकिंग्जचा ॲलन पेज एनएफएलमध्ये खेळत असतानाच मिनेसोटा विद्यापीठात कायदा शिकला, १९७८ मध्ये पदवी घेतली आणि १९९३ ते २०१५ अशी बावीस वर्षं त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायाधीश होता. खेळात तो हॉल ऑफ फेमपर्यंत पोचला.

खेळातलं काय उपयोगी पडतं, काय नाही

जवळजवळ प्रत्येक खेळाडूच्या रेझ्युमेत तेच तीन शब्द असतात: टीमवर्क, नेतृत्व, वेळेचं नियोजन. ते खोटे नाहीत, पण वाचणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही, कारण न खेळलेले उमेदवारही तेच लिहितात. मदत करणाऱ्याने इथे हट्टाने खोदून विचारायला हवं. तू नेमकं काय केलंस? कुणासाठी? त्याने काय बदललं?

समजा एक मुलगी सॉफ्टबॉलची कॅचर आहे, म्हणजे फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारी. ती सुरुवातीला म्हणते, ‘मी चार वर्षं संघात होते.’ विचारत गेलं की कळतं, ती प्रत्येक सामन्याआधी समोरच्या संघाच्या सगळ्या फलंदाजांचे व्हिडिओ पाहायची, कुणाला कुठला चेंडू जमत नाही याचा तक्ता करायची, गोलंदाजीच्या प्रशिक्षकासोबत तो तपासायची, आणि सामन्यात दर चेंडूला काही सेकंदांत निर्णय घ्यायची. निर्णय चुकला तर डाव संपल्यावर बसून का चुकला ते लिहायची. हे माहितीचं विश्लेषण आहे, दबावाखाली निर्णय घेणं आहे, आणि स्वतःच्या चुका नोंदवण्याची सवय आहे. ‘हंगामभर दर आठवड्याला प्रतिस्पर्धी फलंदाजांच्या नोंदी ठेवून गोलंदाजीचा आराखडा बनवला आणि तो संघाला समजावला’ हे वाक्य रेझ्युमेत गेलं, की मुलाखत घेणाऱ्याला विचारायला काहीतरी मिळतं.

राखीव खेळाडूंकडे सांगण्यासारखं काही नसतं, असं त्यांना स्वतःलाच वाटतं. मला तर उलट वाटतं. चार वर्षं जवळपास न खेळता रोज सरावाला येणं, समोरच्या संघाची नक्कल करून आपल्याच सहकाऱ्यांना तयार करणं, यातून जे शिकायला मिळतं ते कुठल्याही संस्थेत पहिल्या वर्षी लागतं.

मात्र सगळंच उपयोगी पडतं असं सांगणं खोटं ठरेल, आणि मुलांना खोटा धीर देऊ नये. खेळात दिवसाचा प्रत्येक तास दुसऱ्याने ठरवलेला असतो: कधी उठायचं, काय खायचं, कुठे उभं राहायचं. चूक झाली की पाचव्या सेकंदाला ओरडा बसतो, चांगलं केलं की लगेच शाबासकी. दर शनिवारी फलकावर निकाल लागतो. कार्यालयात यातलं काहीच नसतं. काम अर्धवट शब्दांत सांगितलेलं असतं, कसं करायचं ते आपण ठरवायचं, आणि बरं झालं की वाईट हे कदाचित सहा महिन्यांनी कळतं. पहिल्या नोकरीत अनेक खेळाडू इथे डगमगतात आणि ‘मला हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढतात. खरं तर त्यांना न जमणारी गोष्ट छोटी आणि शिकण्यासारखी असते: अभिप्राय स्वतः मागायचा, कामाचे टप्पे स्वतः पाडायचे, साहेबांना विचारून आठवड्याचं उद्दिष्ट ठरवून घ्यायचं. हे आधी सांगून ठेवलं तर पहिले सहा महिने खूप सोपे जातात. आणि सराव कॉलेजातच करून घेता येतो. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या खेळाडूंना संघाचं एखादं काम पूर्णपणे सोपवावं, म्हणजे नव्या मुलांच्या स्वागताचा आठवडा किंवा एखाद्या दौऱ्याचं अभ्यासाचं वेळापत्रक, आणि प्रशिक्षकाने त्यात बोलू नये.

इंटर्नशिपला दहा आठवडे नसतील तर तुकडे करावेत. हंगाम संपल्यावर दोन दिवस माजी खेळाडूच्या कार्यालयात नुसतं बसून पाहणं. हिवाळ्याच्या सुट्टीत एक आठवड्याचं छोटं काम. महिन्यातून एक फोन, वीस मिनिटांचा, अशा माणसाला ज्याचं काम कुतूहलाचं वाटतं. नोकरी मागायची नाही, फक्त ‘तुमचा मंगळवार कसा जातो?’ हे विचारायचं. काही महिने चुकले तरी चार वर्षांत असे तीसेक फोन होतात. इतकी ओळख खेळ न खेळणाऱ्या बहुतेक विद्यार्थ्यांकडेही नसते, आणि खेळाडूचा फोन माजी खेळाडू सहसा घेतो.

पैसा आला, आता काय

१ जुलै २०२१ पासून कॉलेज खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि चेहऱ्यावर जाहिरातींतून कमावता येऊ लागलं. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने एक मोठी तडजोड मंजूर केली, आणि १ जुलै २०२५ पासून कॉलेजं थेट खेळाडूंना पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षी एका कॉलेजला त्यासाठी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरची मर्यादा. हा हक्काचा पैसा आहे आणि तो उशिरा मिळाला. पण तो मुख्यतः मोजक्या खेळांतल्या मोजक्या मुलांकडे जातो, आणि ज्यांना मिळतो त्यांच्यासाठी पुढचा प्रश्न काही वर्षं झाकला जातो. जाहिरातीच्या कमाईतून कर आपोआप कापला जात नाही. स्वतंत्र व्यावसायिक म्हणून १५.३ टक्के स्वयंरोजगार कर वेगळा आणि आयकर वेगळा. तिमाही हप्ते भरावे लागतात हे एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी सांगितलेलं नसतं. तरी या व्यवहारांतच शिकण्याची चांगली संधीही आहे. ज्या खेळाडूने स्वतःचा करार वाचला, हिशेब ठेवला आणि दुकानदाराशी स्वतः बोलणी केली, तिला व्यवसायाचा खरा अनुभव मिळाला. तेच सगळं एजंटवर सोपवलं तर फक्त पैसे मिळाले.

नंतरचे महिने

गॅलप या जनमत पाहण्या करणाऱ्या संस्थेने एनसीएएसोबत केलेल्या पाहणीत माजी खेळाडू पुढच्या आयुष्यात एकंदरीत इतर पदवीधरांइतकेच, काही बाबतींत थोडे अधिकच, समाधानी आढळले. म्हणजे बहुतेक जण सावरतात. कठीण असतो तो मधला काळ. शेवटच्या सामन्यानंतर झोप बिघडते, सकाळी उठायला कारण सापडत नाही, भूक खेळाडूची राहते आणि श्रम मात्र उरत नाहीत. सहकारी चार गावांना पांगतात. हे दुःखच असतं आणि त्याला दुःख म्हटलेलं बरं. या काळात संघाने दर पंधरा दिवसांनी केलेला एक फोन मोठा आधार देतो. तो प्रशिक्षकाने केला तर जास्तच.

ऑगस्ट २०२४ पासून डिव्हिजन १ च्या कॉलेजांवर काही गोष्टी बंधनकारक आहेत: खेळातल्या दुखापतीवरचा स्वतःच्या खिशातून करावा लागणारा उपचारखर्च खेळ संपल्यावर किमान दोन वर्षं भरणं, करिअर मार्गदर्शन देणं, आणि पूर्ण शिष्यवृत्तीवर खेळलेल्यांची पदवी राहिली असेल तर दहा वर्षांपर्यंत ती पूर्ण करायला मदत करणं. या तरतुदी अनेक माजी खेळाडूंपर्यंत पोचलेल्याच नसतात. गुडघा दुखत असेल तर तो दोन वर्षांच्या आत तपासून घ्यायचा आणि कागद जपून ठेवायचे, इतकं तरी प्रत्येकाला ठाऊक हवं.

ज्यांच्या घरातलं कुणी आता कॉलेज निवडतं आहे, त्यांनी भेटीच्या दिवशी नवं स्टेडियम आणि जिम पाहून झाल्यावर प्रशिक्षकाला थोडे प्रश्न विचारावेत. गेल्या तीन वर्षांत संघातून बाहेर पडलेले खेळाडू आज काय करतात? मुलीला इंजिनिअरिंग घ्यायचं असेल तर सध्याच्या संघात इंजिनिअरिंगला कोण आहे, आणि तिच्या प्रयोगशाळेच्या तासांचं काय करता? गेल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप कुणी केली? परत आल्यावर तिची संघातली जागा राहिली का? उत्तरं ऐकून घ्यावीत, आणि मग प्रशिक्षक समोर नसताना संघातल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलींना तेच प्रश्न पुन्हा विचारावेत.